‘सिस्टिम रिसोर्सेस’ संपतात, म्हणजे नक्की काय संपतं?

पहिल्यांदा तो संदेश आला तेव्हा मी फोटोंचं एक फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवत होतो. ‘इन्सफिशियंट सिस्टिम रिसोर्सेस एक्झिस्ट टू कम्प्लीट द रिक्वेस्टेड सर्व्हिस.’ सांगितलेलं काम करायला पुरेशी सामग्री नाही, एवढाच त्याचा अर्थ. फोटो होते शंभर-सव्वाशे आणि लॅपटॉपची रॅम आठ जीबी. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तरी तेच. मग वैतागून ‘रीस्टार्ट’ केला, तेव्हा निमूटपणे सगळे फोटो उतरले. बंद करून जे जमलं नाही ते रीस्टार्टने कसं जमलं, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

नऊ दिवसांनी तो संदेश पुन्हा आला. या वेळी वर्डची एक साधी फाइल जतन करताना. ओळखीच्या दुकानदाराने एका वाक्यात निकाल दिला, “रॅम कमी पडतेय, साहेब.” आठाची सोळा जीबी केली. पंधरा दिवस सुखात गेले आणि तिसऱ्या आठवड्यात संदेश हजर. म्हणजे पैसे मोजून मी फक्त तारीख पुढे ढकलून घेतली होती. दुकानदाराचा पुढचा सल्ला होता, “फॉरमॅट मारू.” तिथे मात्र मी थांबलो.

या जातीच्या संदेशांबद्दल पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही. रेशनच्या दुकानात रांगेतल्या शेवटच्या माणसाला ‘साखर संपली’ असं सांगतात, पण साखर त्याने नेलेली नसते. लॅपटॉपवर संदेश ज्या प्रोग्रामच्या नावाने येतो, तो बहुतेक वेळा असाच रांगेत शेवटी उभा राहिलेला असतो. फोटो उतरवणारा निर्दोष, वर्डही निर्दोष. साखर कोणी नेली हे शोधायचं तर रांगेकडे न पाहता कोठीकडे पाहावं लागतं. नुसतं संदेश आलेलं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्यात लोकांचे अख्खे रविवार जातात, ते यामुळेच.

आता कोठीत काय काय असतं? ‘सिस्टिम रिसोर्सेस’ हा शब्द जुना आहे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ‘अबाउट’च्या खिडकीत ‘सिस्टिम रिसोर्सेस’ किती टक्के शिल्लक आहेत ते दिसायचं. ती टक्केवारी रॅमची नसायची. खिडक्या, बटणं, चित्रं यांच्या नोंदी ठेवायला ६४ केबींचे ठरावीक कप्पे असत, त्यांची असायची. मशिनमध्ये रॅम कितीही घाला, कप्पा ६४ केबींचाच. आज ते कप्पे इतिहासजमा झाले, तरी ‘रिसोर्सेस’ म्हणजे निव्वळ रॅम नव्हे ही गोष्ट तशीच आहे. त्यामुळे संदेश आला की घाईने ‘ओके’ दाबू नका. मोबाइलने त्याचा फोटो काढा. शब्द नेमके कोणते होते आणि आकडा कोणता होता, यावर पुढचं सगळं ठरतं. आकडा १४५० असेल तर आजार एक, १४५५ असेल तर दुसरा. १४५५ चा संदेश ‘पेजिंग फाइल’ लहान पडल्याचं सांगतो आणि १४५० चा संदेश म्हणजे वर दिलेलं माझं वाक्य.

फोटो काढलात की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. बहुतेक जण पहिल्याच पानावर कोण किती टक्के खातंय ते पाहतात आणि ब्राउझरला शिव्या घालून बंद करतात. तुम्ही ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. तिथे ‘मेमरी’वर टिचकी मारली की खाली बारीक अक्षरांत काही आकडे दिसतात. त्यातले तीन आपल्या कामाचे : ‘कमिटेड’, ‘पेज्ड पूल’ आणि ‘नॉन-पेज्ड पूल’. शेजारच्या ‘सीपीयू’च्या पानावर आणखी दोन : ‘हँडल्स’ आणि ‘अप टाइम’. हे पाच आकडे एका वहीत तारीख-वेळेसह लिहायचे. सकाळी एकदा, रात्री एकदा, आठवडाभर. एकदाच पाहिलेल्या आकड्यावरून काही ठरत नाही. कुठला आकडा रोज चढतो आणि कधीच उतरत नाही, ते शोधायचं आहे.

मी वही घातली आणि पहिल्याच दिवशी हबकलो. ‘अप टाइम’ म्हणजे मशिन सलग किती वेळ चालू आहे तो आकडा. मी रोज रात्री न चुकता लॅपटॉप बंद करतो, आणि तिथे दिसत होते एकोणीस दिवस!

हा घोळ ‘फास्ट स्टार्टअप’चा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासून चालू असते. तुम्ही ‘शट डाऊन’ म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि त्यात बसलेले ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात. सकाळी ते तिथून उचलून परत मांडले जातात, म्हणून लॅपटॉप झटकन सुरू होतो. गाभ्यात काही गळत असेल तर ती गळतीही रात्रभर जपून ठेवली जाते आणि सकाळी कालच्या पातळीवरून पुढे सुरू होते. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं पुसून नव्याने मांडतं. लोक म्हणतात, “अहो, मी रोज बंद करतो, तरी येतो.” ते खरंच बोलत असतात.

तेव्हा शोधकाम सुरू करण्याआधी एकदा ‘रीस्टार्ट’ करा आणि वही तिथून सुरू करा. एखाद दिवशी पूर्ण बंदच करायचा असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाऊन’वर टिचकी मारा. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, त्यात ‘चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू’, तिथे वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबून खालची ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढायची. मशिन सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील. एसएसडी असेल तर फरक जाणवणारही नाही. माझं मत विचाराल तर काढूनच टाका.

वहीत ‘कमिटेड’ चढताना दिसत असेल, तर तो १४५५ चा रस्ता. तिथे दोन आकडे तिरक्या रेघेने जोडलेले असतात, समजा १४.८/१५.९ जीबी. हे समजायला घरच्या कार्याची पंगत डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे मांडवात मांडलेले पाट. डिस्कवरची पेजिंग फाइल म्हणजे माडीवर केलेली जादा सोय. ‘कमिटेड’ म्हणजे आवतणं गेली किती. विंडोज या बाबतीत फार काटेकोर यजमान आहे : पाट आणि माडी मिळून जेवढ्यांची सोय, त्याहून एकही आवतण जास्त द्यायचं नाही. बोलावलेले आले नाहीत आणि पाट रिकामे राहिले, तरी त्यांच्या जागी दुसऱ्याला बोलावणं नाही. म्हणूनच ‘रॅम तीस टक्के मोकळी दिसतेय, तरी मेमरी संपली म्हणतो’ हा चमत्कार घडतो. डावीकडचा आकडा उजवीकडच्याला भिडला की नव्याला दारातच नकार मिळतो.

इथे सर्वांत आधी पेजिंग फाइल तपासा. ‘एसएसडी झिजते’ या ऐकीव भीतीने ती बंद करणारे हौशी वाटाडे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी माडीला कुलूप लावलेलं असतं. स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, ‘परफॉर्मन्स’खालचं ‘सेटिंग्ज’, मग ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘व्हर्च्युअल मेमरी’खालचं ‘चेंज’. सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’च्या चौकोनात खूण करा आणि रीस्टार्ट. आकडे स्वतः घालण्याच्या फंदात पडू नका.

माडी मोकळी केली तरी चढायला जागा हवी. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर पेजिंग फाइल वाढणार कुठे? पंधरा-वीस जीबी तरी तिथे रिकामे ठेवा. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘स्टोरेज’मध्ये तात्पुरत्या फायली एकत्र दिसतात, तिथून सफाई सोपी आहे. मात्र त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर नुसती सवयीने खूण केलीत तर आयकरची कागदपत्रं, मुलांची हॉल तिकिटं, सगळं एका फटक्यात जाईल.

आता आवतणं कोणी जास्त घेतली ते पाहू. विंडोज हे स्वतःच लिहून ठेवतं, आणि ते कुणी वाचत नाही याचं मला नवल वाटतं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ निवडा आणि उजवीकडच्या ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये २००४ हा क्रमांक टाका. ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ या नावाने नोंदी आल्या, तर प्रत्येकीत त्या घटकेला सर्वाधिक मेमरी व्यापणाऱ्या प्रोग्रामांची नावं आणि बाइट्स दिलेले सापडतील. बाइट्सचा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. दहा अंकी संख्या म्हणजे मामला जीबीचा, नऊ अंकी म्हणजे काही शे एमबींचा. चार-पाच नोंदींत एकच नाव पुन्हा पुन्हा दिसलं तर चोर सापडला समजा. नोंदच नसेल तर आपला आजार वेगळा आहे, हेही कळतं.

ते नाव ब्राउझरचं असेल तर थोडं आत डोकवा. क्रोम किंवा एज उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन वेगळं दिसतं. चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्यांना मी काही बोलत नाही, मीही त्यातलाच. पण कधीतरी एका खरेदीच्या वेळी टाकलेलं कूपन शोधणारं एक्स्टेन्शन दीड जीबी धरून बसलेलं असतं, ते तिथेच कळतं.

माझ्या वहीत ‘कमिटेड’ही चढत होतं, पण त्याच्या आडून खरा चढत होता तो ‘नॉन-पेज्ड पूल’. हा गाभ्याचा खास राखीव साठा. ड्रायव्हर इथून मेमरी घेतात आणि ती डिस्कवर हलवता येत नाही, म्हणजे या पाहुण्यांना माडीवर पाठवायची सोयच नाही. साध्या घरगुती लॅपटॉपवर हा आकडा काही शे एमबींचा असतो. माझ्याकडे रीस्टार्टनंतर सोमवारी ०.६ जीबी होता, बुधवारी १.६, शुक्रवारी २.७, रविवारी ३.६. रोजचा साधारण अर्धा जीबी. पावसाळ्यात कौल फुटलेल्या घरात भांडं ठेवावं तसं. रॅम वाढवली म्हणजे मी पातेल्याच्या जागी टोप ठेवला होता, भरायला जास्त दिवस लागले एवढंच.

अशा गळतीत प्रोग्रामांच्या यादीत काहीच सापडत नाही. सगळ्यांची बेरीज केली तरी वापरलेल्या मेमरीशी जुळत नाही. जुळत नसणं हीच खूण. मग संशय ड्रायव्हरांवर आणि त्यांना राबवणाऱ्या, पडद्यामागे चालणाऱ्या सेवांवर घ्यायचा. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडा (स्टार्टमध्ये याच नावाने सापडेल), ‘सर्व्हिसेस’मध्ये जा आणि आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करा. ही खूण विसरलात तर भलतंच काही बंद कराल. उरलेल्यांपैकी निम्म्या बंद करून रीस्टार्ट करायचं आणि एक दिवस आकडा पाहायचा. चढ थांबला तर चोर बंद केलेल्या निम्म्यात, नाही थांबला तर उरलेल्या निम्म्यात. पुन्हा त्याचे निम्मे. वीस सेवा असतील तर चार-पाच दिवसांत एक उरते. अँटिव्हायरस या खेळात बंद करावा लागला, तर तेवढा वेळ इंटरनेटपासून लांब राहा. प्रत्येक दिवसाचा बदल वहीत लिहा, नाहीतर तिसऱ्या दिवशी काय बंद आणि काय चालू याचा पत्ता लागत नाही.

माझ्याकडे तिसऱ्याच दिवशी निकाल लागला. लॅपटॉपबरोबर आलेली, वायफायला ‘प्राधान्य’ देऊन इंटरनेट वेगवान करते म्हणणारी एक सेवा. मी तिला कधी बोलावलं नव्हतं, वापरलंही नव्हतं. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ॲप्स’मधून ती काढली आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपल्या नेमक्या मॉडेलच्या पानावरून, वायफायचा ताजा ड्रायव्हर घेतला. पूल ०.५ वर येऊन बसला. तो आजतागायत तिथेच आहे.

ड्रायव्हर घ्यायचा तो असाच. ‘तुमचे तेवीस ड्रायव्हर जुने झालेत’ म्हणून हाकारे घालणारं फुकट सॉफ्टवेअर घेऊ नका. चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसला की एका गळतीच्या दोन होतात.

काही वेळा हे सगळे आकडे शांत असतात आणि तरी मशिन वेड्यासारखं वागतं. मेनू उघडतो पण त्यात अक्षरं नसतात. बटणांच्या जागी काळे चौकोन येतात, खिडकी अर्धीच रंगते. रॅम मात्र भरपूर मोकळी. हा विंडोज ३.१ मधल्या कप्प्यांचा आजचा वंशज. पडद्यावर काही काढायचं तर प्रोग्रामला ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ लागतात आणि एका प्रोग्रामला ते मुळात दहा हजारांपर्यंतच मिळतात. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये वरच्या मथळ्यावर उजवी टिचकी देऊन ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’, ‘यूझर ऑब्जेक्ट्स’ आणि ‘हँडल्स’ हे रकाने चालू करा. नऊ हजारांच्या पुढे गेलेला प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, पडदा लगेच ताळ्यावर येईल. दिवसभर उघडी राहणारी हिशेबाची नाही तर डीटीपीची जुनी सॉफ्टवेअर इथे वारंवार सापडतात. त्यांना जेवणाच्या सुट्टीत एकदा बंद करायची सवय लावली तरी काम भागतं.

एक्सेलची तऱ्हा निराळी. ‘एक्सेल कॅनॉट कम्प्लीट धिस टास्क विथ अव्हेलेबल रिसोर्सेस’ हा संदेश हिशेबनीस आणि शिक्षक मंडळींना चांगला परिचयाचा असेल. आधी ‘फाइल’, ‘अकाउंट’, ‘अबाउट एक्सेल’ असं जाऊन तुमचं एक्सेल ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं ते पाहा. ३२ बिटच्या एक्सेलला फार तर चार जीबींचा पत्ता माहीत असतो, जुन्या आवृत्त्यांना दोनच. बत्तीस जीबी रॅम घातली तरी ते बिचारं तिथवर पोहोचत नाही. त्याला रॅमची नाही, ६४ बिटच्या एक्सेलची गरज आहे.

पण त्याहूनही आधी कंट्रोल आणि एंड दाबून पाहा. पत्रकात नावं साठच, आणि कर्सर थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर गेला, तर बहुधा कुणीतरी कधीतरी मजकुराखालच्या ओळींना पार तळापर्यंत रंग किंवा चौकट देऊन ठेवली आहे. एक्सेल त्या सगळ्या ओळी वापरात आहेत असं धरून चालतं. मजकुराखालच्या रिकाम्या ओळी निवडून ‘डिलीट’ करा, म्हणजे उजव्या टिचकीतलं ‘डिलीट’, कीबोर्डवरची कळ नव्हे. मग फाइल जतन करा. वीस एमबींची फाइल दोनशे केबींवर आलेली मी पाहिली आहे.

ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मधला ‘मेमरी प्रेशर’चा आलेख पाहावा. हिरवा असेल तर आकड्यांकडे दुर्लक्ष करा, लाल असेल तर ‘मेमरी’च्या रकान्यात वरून पहिली तीन नावं. बाकीची रीत वहीचीच.

काय करू नये तेही सांगतो. ‘रॅम क्लीनर’, ‘बूस्टर’ असल्या नावाचं काही घेऊ नका. विंडोज मोकळ्या रॅममध्ये लागतील अशा गोष्टी आधीच आणून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये ते ‘कॅश्ड’ म्हणून दिसतं आणि गरज पडताच ते सोडून देतं. क्लीनर ते उगाच फेकून देतो, मग तेच पुन्हा डिस्कवरून आणावं लागतं. आकडा छान दिसतो, मशिन मंदावतं. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. आणि ब्राउझरमध्ये अख्खा पडदा व्यापून ‘तुमचे सिस्टिम रिसोर्सेस धोक्यात, या नंबरवर फोन करा’ असं काही आलं, तर तो विंडोजचा संदेश नव्हे. विंडोजच्या खऱ्या त्रुटीसंदेशात फोन नंबर कधीच नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. चुकून फोन झाला आणि पैसे गेले, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवा.

रॅम वाढवणं हा उपाय नाहीच, असं माझं म्हणणं नाही. रीस्टार्टनंतर तासाभरात, रोजचेच तीन प्रोग्राम उघडले असताना ‘कमिटेड’ तुमच्या रॅमच्या बराच पुढे जात असेल आणि तिथेच स्थिर राहत असेल, तर ती गळती नव्हे, खरीच तूट आहे. विंडोज ११ ची किमान अट चार जीबींची आहे, पण चार जीबींवर ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवणं म्हणजे दोन माणसांच्या स्वयंपाकात वऱ्हाड जेवू घालणं. खरेदीला निघण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ वाचा. ‘एसओडिम’ असेल तर पट्टी बदलता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम मदरबोर्डलाच डाखलेली आहे. वेगळा रिकामा स्लॉट नसेल तर ती वाढवता येत नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

फॉरमॅट अगदी शेवटी. गळती लॅपटॉपबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरची असेल, तर कंपनीच्या रिकव्हरीतून फॉरमॅट केल्यावर ते सॉफ्टवेअरही परत येतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवशी उभे. दुकानात न्यायची वेळ आलीच तर लॅपटॉपबरोबर संदेशाचा फोटो आणि ती वहीही न्या, आणि ‘फॉरमॅट मारू’ म्हणणाऱ्याला आधी वहीतला चढणारा आकडा दाखवा.